शहाबादीच्या फटीत

४ जानेवारी
सकाळच्या बसने निपाणीहून आले आणि दुपारपर्यंत खासबागेत खोलीसुद्धा मिळाली! आधी दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली ‘कालच दिली’ होती. राजाबाईंनी आडनाव विचारलंच नाही. नर्स आहे म्हटल्यावर म्हणाल्या, “लई बरं झालं बघ, सुनयना. मला आक्का म्हण.” स्वयंपाकघराला लागून खोली, शहाबादी फरशी, एक खिडकी. आक्कांची चार वर्षांची नात आरोही दिवसभर माझ्या मागेमागे. तिचे आईबाप गोव्यात कामाला असतात. उद्या दवाखान्यात रुजू होणार.

११ जानेवारी
आरोहीला कणकण होती. माझा काचेचा थर्मामीटर झटकताना पलंगाच्या कडेला आपटला. पाऱ्याच्या गोळ्या फरशीभर पळाल्या. आरोही टाळ्या पिटायला लागली. मुलाला बाहेर काढायचं, खिडकी उघडायची, झाडू लावायचा नाही, कागदावर गोळा करून बाटलीत बंद करायचं. हे सगळं मला पाठ आहे. पण आक्कांची पावलं वाजली आणि मी झाडूच उचलला. आठ दिवसांत नर्सचं नाव घालवायचं नव्हतं. गोळ्यांचा चुरा होऊन फटींत गेला. काच केरात टाकली. आजीला सांगायचं नाही, असं आरोहीला बजावलं.

२० जानेवारी
रोज खिडकी उघडी टाकून जाते. थंडी म्हणून आक्का ती लावून घेतात. आजपासून आरोही माझ्या खोलीत झोपणार. नर्सपाशी असलेली बरी, म्हणाल्या. उबेला शेगडीही आणून ठेवली. उबेने पाऱ्याची विषारी वाफ वाढते. तिला वास नसतो, ती दिसत नाही. नको म्हणायला माझ्याकडे एकच कारण होतं. ते मी सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी
आरोहीचे तळहात लालगुलाबी झालेत. सारखा घाम येतो. जेवत नाही, उजेड नको म्हणते. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही वेगळं घडलं का. आरोहीने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा घाम पुसत राहिले.

९ फेब्रुवारी
सुट्टी घेतली. चिकटपट्टीने फटींतला पारा टिपत बसले. बॅटरी मारली तशी एक गोळी चमकली. मग दुसरी. मग भिंतीपर्यंत ओळच. गोधडीच्या शिवणीतसुद्धा — हीच गोधडी ती अंगावर ओढून —

१३ फेब्रुवारी
तिच्या बोटांची सालं निघतायत. पाय लटपटतात. माझाही हात कापतो, अक्षर बघवत नाही. आक्का म्हणाल्या, “ह्या खोलीत कायतरी हाय गं.” नारळ उतरवून टाकला.
मी म्हणाले, काही नाही.

१६ फेब्रुवारी
मोठ्या इस्पितळात. लघवीत पारा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, थर्मामीटर फुटला होता का? आक्का ताडकन म्हणाल्या, “न्हाय वो. फुटला असता तर आमची सुनयना सांगितली नसती व्हय?”
मी तिथेच होते —

२३ फेब्रुवारी
औषध लागू पडतंय. उद्या घरी सोडतील. आक्का तिला माझ्याच खोलीत — तिथे नाही, तिथे नको —
व्हरांड्यात बसलेय. आक्का येतायत, हातात माझ्यासाठी चहा. सकाळपासून काही खाल्लं नाहीस म्हणून ओरडतायत. पहिलं वाक्य लिहून ठेवते, म्हणजे तोंडातून निघेल. आक्का, थर्मामीटर माझ्या हातून —