टपावरच्या टोपीचं तोंड

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला एका जीपबद्दल लिहायला बसले आहे.

आर्वीच्या दवाखान्याची ती जुनी लष्करी जीप. तिच्यावर कोणीतरी पत्र्याची बंद केबिन बसवली होती. मे महिन्यात रोहण्यासारख्या खेड्यातून बाळंतपणात अडलेली बाई आणायची म्हणजे आत जीव नकोसा व्हायचा. मी नवी नर्स. डॉक्टरांना म्हटलं, कारंज्यात ट्रकच्या बॉड्या बांधणारे चांगले मिस्त्री आहेत, ते टपाला झरोका पाडून देतील. ते मिस्त्री माझे वडील आहेत, एवढं मात्र म्हटलं नाही.

तुम्ही हत्यारं घेऊन आलात. टपाला चौकोनी भोक पाडलंत, आणि त्यावर बसवायची, एका बाजूनं उघडी पत्र्याची टोपी तुमच्या हातात आहे. "तोंड मांगं ठेवतो व बाई. गाडी पळाली का आतली गरम हवा आपोआप वढली जाते." पण मी शिकलेली ना! म्हटलं, वारा समोरून येतो, तोंड समोर ठेवा. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहता आणि टोपी फिरवता. "तू म्हनतं तं तसं." माझ्या शिक्षणावर तुमचा फार भरवसा.

पहिल्याच फेरीत पुढच्या बैलबंड्यांचा सगळा फुफाटा टोपीतून आत आला. कळा देणाऱ्या बाईच्या नाकातोंडात माती. गाडी परत आली तेव्हा तुम्ही आवारातच थांबला होतात. डॉक्टर सगळ्यांदेखत कडाडले, "कोण्या अडाण्यानं केलं हे?" मी तुमच्या शेजारीच उभी होते.

"माह्यी चूक झाली साहेब. आत्ता फिरवून देतो."

तोंड मागे झालं आणि दुपारच्या फेरीला डॉक्टर स्वतः बसून गेले. परत आले ते खूश होऊन. "मिस्त्री हुशार आहे. तुझा कोण लागतो?"

"कोणी नाही. गावचे आहेत."

तुम्ही पाने-पकडी गोळा करत होतात. मान वर न करता म्हणालात, "हो साहेब, आमच्या गावचीच पोरगी हाय."

घरी आईला तुम्ही सगळी हकिगत रंगवून सांगितलीत, माझं ते ‘कोणी नाही’ तेवढं सोडून. मला तुमच्या काळ्या हातांची आणि बोलण्याची लाज वाटत होती, हे तुम्ही ओळखलं होतं. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. त्यानंतर तुम्ही दवाखान्यात कधी पाऊल ठेवलं नाही, आणि मला बरं वाटलं होतं, बाबा.