विरारच्या दमट हवेत टिकलेला थर

सर, परवा आगाशीला तुमच्या घरी गेले होते. तुमच्या मागे राहिलेल्या पुस्तकांचं काय करायचं ते विचारायला काकूंनी बोलावलं होतं. त्यांनी स्वयंपाकघरातच बसवलं, बशीत सुकेळी, ती उन्हात सुकवलेली केळी, ठेवली. त्या बोलत होत्या आणि मला आपल्या विरारच्या कॉलेजातली प्रयोगशाळा दिसत होती.

आपण तिथे उन्हापासून वीज बनवणाऱ्या, पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाच्या सौरपेशी बनवायचो. शिसं आणि आयोडीन असलेला काळा, तकतकीत पापुद्रा काचेवर चढवायचा, आणि आपल्याकडची दमट हवा लागली की तो पिवळा पडायचा. मी त्यात लांब शेपटीचे सेंद्रिय रेणू घातले. शिशाचा थर, त्यावर रेणूंचा, पुन्हा शिशाचा. ते रेणू पाण्याला आत शिरू देत नाहीत. वीज थोडी कमी मिळते, हे मलाही माहीत होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आपल्याला वीज बनवायचीय, रेनकोट नाही शिवायचा." सगळे हसले. मी माझ्या काचा कोपऱ्यात नेऊन ठेवल्या.

मग जुलैत वीज गेली ती दुसऱ्या दिवशीच आली. हवा कोरडी ठेवणारं यंत्र बंद. दार उघडून बघतो तर तुमच्या सगळ्या काचा हळदीसारख्या पिवळ्या, माझ्या तशाच तांबूस-काळ्या. तुम्ही माझी एक उचलता, उजेडात धरता. त्याच आठवड्यात बाहेरून तज्ज्ञ येतात. माझी काच त्यांच्या हातात देऊन तुम्ही सांगता, "ही रचना मला सुचली." मी कोण, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "ही होय? लॅब स्वच्छ ठेवते. जा गं, चहाचं सांग." मी जाऊन चहा सांगितला. शोधनिबंधातही माझं नाव आलं नाही. संशोधनाला प्रवेश मागताना दाखवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. आता बारावीला रसायनशास्त्र शिकवते. वाईट नाही शिकवत.

परवा काकू सहज म्हणाल्या, "अगं, ते थरांचं काम तुझंच ना? हे जेवताना नेहमी सांगायचे, डोकं त्या पोरीचं म्हणून."

तुम्ही ते विसरला असाल, असं धरून मी इतकी वर्षं काढली. तुम्ही विसरला नव्हता. घरात, ताटावर बसून खरं बोलत होतात, कारण तिथे त्याने तुमचं काही जात नव्हतं. काकूंना हे सांगून काय उपयोग? आणि तुम्हाला कुठे पाठवू?

एक मात्र खरं. मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी काकूंना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.