रामहरीबाबा दोन्हीकडून

देवळाली प्रवरा

प्रिय बन्सी,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तू मधेच "आक्का, येडी का तू?" म्हणून उडवून लावलं असतंस, आणि गप्प बसायला मला तेवढं पुरलं असतं. माझा अमृत आणि तुझी रेश्मा यांची सुपारी दिवाळीनंतर फोडायची, हे तू शेवगावभर सांगून मोकळा झालास. तरी शेवटपर्यंत वाच.

आपले आजोबा, रामहरीबाबा, आठवतात ना? दिवेलागणीला ओट्यावर बसले की बसले. ते नामस्मरणात असतात, हाक मारायची नाही, असं आईने बजावलेलं. मी तर लांबूनच हात जोडून जायचे. अंधारात ते ताटातली भाकरी चाचपत, तीही आपल्याला भक्तीच वाटायची. बन्सी, त्यांना दिसत नव्हतं रे. एवढ्या भरल्या घरात कुणालाच ते कळलं नाही.

श्रावणात अमृतने रस्त्याकडेच्या रिकाम्या ट्रॉलीवर मोटारसायकल घातली. खरचटण्यावर निभावलं, तुला सांगितलं ते एवढंच. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं आणि आमची घराणी विचारायला घेतली. माझे आजोबा कोण? मी म्हटलं, रामहरी. मग ह्यांच्या आईचे वडील कोण? हे म्हणाले, रामहरी. बाई हसून म्हणाल्या, अहो, तुमच्याकडचे सांगा. तर हे म्हणतात, "आमच्याकडचंच सांगतोय. ही माझ्या मामाची पोरगी हाय." बाईंचं हसू गेलं.

आत्याच्या घरी मला दिली तेव्हा लेक घरातल्या घरात राहिली म्हणून सगळे खूश होते. मीही होते, आणि ह्यांच्याबद्दल आजही माझी तक्रार नाही. पण एकाच माणसाचं अंधारात न दिसण्याचं दुखणं दोन वाटांनी माझ्या पोरात येऊन बसलं. पुढे दिवसाही दिसणं कमी होत जाईल म्हणतात. परवा तिन्हीसांजेला तो ओट्यावर गप्प बसला होता. जेवायला हाक मारायला गेले. माझे हात आपोआप जोडले गेले आणि मी तशीच माघारी आले. तेव्हापासून मला त्या ओट्याची भीती वाटते.

रेश्माच्या बारशाला तिच्या कानात नाव सांगताना मीच तिला सून म्हणून मागून घेतली होती. गणपतीत ती इथे राहिली. दिवस मावळायच्या आत घरभर दिवे लावायची, अमृतला तांब्या देताना आधी त्याचा हात धरायची. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला कळलंय, बन्सी, आणि तरी तिला इथेच यायचंय. अशी सून मला दुसरी मिळायची नाही. पण पुन्हा घरातच लग्न केलंत तर नातवंडांनाही हे होऊ शकतं, असं बाई म्हणाल्या. ती स्वतः नाही म्हणणार नाही, आणि तिच्यासमोर मला बोलायचा धीर होत नाही. म्हणून तू नाही म्हण. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, रेश्मालाही माझा राग येऊ दे. बहीण म्हणून तुझ्याकडे एवढंच मागते, तुझी लेक मला देऊ नकोस.

तुझीच,
मुक्ताआक्का