तेरा हजार किलोमीटरचा दोरा

सोमवार, ४ तारीख

तिकीट आलं! जावयाने मोबाइलवर पाठवलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं. विमान ११ ला सकाळी दहाला सुटतं, दुपारी तीनला पोचतं. पाच तास. एवढा वेळ तर मी शिलाई मशीनवर एका बैठकीत बसतो. परदेशातल्या लेकीचं ऑपरेशन १४ ला — हृदयाची झडप. हिचा पाय प्लास्टरात, म्हणजे जायचं मलाच.

मंगळवार, ५

पाच तास नाहीत. साडेपंधरा! वरच्या मजल्यावरच्या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या, त्यांना कागद दाखवला. म्हणाल्या, "तिकडचं घड्याळ साडेदहा तास मागे आहे, मास्तर." म्हणजे साडेदहा तास पट्टीत दुमडलेले, वरून दिसतच नाहीत! साडेपंधरा तास अधांतरी.

बुधवार, ६

परत बाईंकडे. भिंतीवरच्या नकाशाला टेप लावली. वाट समुद्रावरून. निदान पाणी तरी! बाई हसल्या — "कॉलर सपाट कापता, पण बसते गोल गळ्यावरच ना?" पृथ्वीचा गोल खाली काढला, दोन शहरांमध्ये दोरा ताणायला लावला. ताणला तसा दोरा वर वर सरकला, थेट पांढऱ्यावर. बर्फ! तेरा हजार किलोमीटर, आणि मध्ये टेकायला जागा नाही.

हिला सांगितलं. म्हणे, "विमान काय तुम्ही शिवलंय, उसवायची भीती वाटायला?"

गुरुवार, ७

गिऱ्हाइकाची कॉलर उलटी शिवली.

शुक्रवार, ८

वाईट काम केलं. लेकीला फोनवर म्हणालो, पासपोर्ट सापडत नाही गं. ती म्हणाली, "असू दे बाबा. नाहीच मिळाला तर राहू दे."

पासपोर्ट बटणांच्या डब्यात आहे. मीच ठेवला. जन्मात गिऱ्हाइकाचं वीतभर कापड चोरलं नाही, आणि पोटच्या पोरीशी हे!

शनिवार, ९

हिला बटण हवं होतं. डबा उघडला. पासपोर्ट मशीनवर ठेवला, बटण घेतलं, कुबडी टेकत गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं होतं.

रविवार, १०

जावयाचा फोन. तिला फार दम लागतोय, डॉक्टर थांबायला तयार नाहीत. "उद्याच करतायत, बाबा. सकाळी आठला आत नेतील." तिकडच्या आठला, म्हणजे इथल्या संध्याकाळी साडेसहाला — एवढं आता मलाही कळतं. तेव्हा मी त्या पांढऱ्यावर असेन. खबर कुठून कळणार!

आधीचं विमान? नाही.

म्हणालो, पासपोर्ट सापडला बरं का. तो म्हणाला, "ती म्हणतच होती — बाबांना म्हणावं, बटणांचा डबा बघा."

सोमवार, ११, विमानात

खाली बर्फच बर्फ. माझ्या घड्याळात सहा वाजून चाळीस मिनिटं. तिला आत नेलं असेल. समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र मघापासून आहे तिथंच! किती हळू चालवतात हे!