बांधावरचं लिंबू

उंद्रीच्या माह्या दादाले, डोणगावाहून तानूचा नमस्कार.

आमची संत्र्याची झाडं पिवळी पडून वाळली. बांधावरचं लिंबाचं झाड मात्र हिरवं आहे. गावातल्या बाया लेकरायची दृष्ट काढाले त्याचीच लिंबं नेतात. काल शेतकी खात्याचे साहेब आले. त्यायनं लिंबाचं पान उजेडात धरून मले आतले पिवळे डाग दाखवले. म्हणे, "बाई, यालाही तोच रोग आहे. हे झाड सोसतं, एवढंच. तोडून टाका."

मी नाही म्हटलं.

माह्या पोरीच्या मातीले तू आलता. जाताना वहिनीले म्हटलं, तानू रडली नाही, तिले काही वाटलंच नाही. मी तथीच चुलीपाशी होती.

हे पत्र मी टाकत नाही. राखीले येशीन तवा त्या लिंबाचं एक पान उजेडात धरून पाहजो.

तुही बहीण,
तानू