‘तिकोना’ला प्रायोजक पाहिजे

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
‘तिकोना’ पूर्ण. मावळात तयार झालेली पहिली प्रोग्रॅमिंग भाषा. कॉलेज नाही, क्लास नाही. एकट्याने, सहा वर्षं. ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना फुकट. आता कंपन्यांनी कृतज्ञतेपोटी फंडिंग द्यायचं. वराळ्याच्या कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली आहे. एक डिसेंबरला हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा. राजीनामा टाइप करून ठेवला. मार्जिन दोनदा मोजलं.

६ नोव्हेंबर
४२ कंपन्यांना प्रस्ताव धाडले. प्रत्येकी ६८ पानं. शेजारचे हनुमंतभाऊ म्हणाले, फुकाट वाटल्याल्या ताकाला पैसं कोन देतंय? त्यांना सव्वा तास समजावलं. शेवटी व्हय व्हय म्हणाले. पटलं.

११ नोव्हेंबर
उत्तर एक. आपोआप येणारं. पण भाषा सभ्य.
तळेगावच्या अपेक्षा नावाच्या इंजिनिअर मुलीने ‘तिकोना’तली एक चूक दुरुस्त करून पाठवली. मदत करणारी पहिलीच व्यक्ती. दुरुस्ती बरोबर. पण ओळीच्या सुरुवातीला चारऐवजी तीन स्पेस. परत पाठवली.

१५ नोव्हेंबर
अपेक्षा पुन्हा. स्पेस चार. शेवटी पूर्णविराम नाही. परत. तिने लिहिलं, काका, एक टिंब तुम्हीच टाका ना. ‘काका’वर स्वतंत्र हरकत नोंदवली.

२० नोव्हेंबर. दुपारी ४
कुसगावच्या हॉटेलात एका कंपनीची मीटिंग होती. त्यांच्या प्रदीप सरांना चहाच्या सुट्टीत गाठलं. त्यांनी विचारलं, ‘तिकोना’वर किती जण काम करतात? म्हटलं, मी. म्हणाले, उद्या तुम्हाला काही झालं तर? म्हटलं, प्रकृती ठणठणीत. म्हणाले, आम्ही टीमलाच पैसे देतो. एकूण इम्प्रेस झाले.
सारिका म्हणाली, अहो, मग त्या पोरीला घ्या की! बायकोला तत्त्व समजत नाही.

२६ नोव्हेंबर
अपेक्षाने अख्खा ‘तिकोना’ उचलून वेगळी चूल मांडली. सोबत अकरा जण. लायसन्समध्ये तशी मुभा आहे. लायसन्स मीच निवडलं. प्रत्येक कलम वाचून.

२९ नोव्हेंबर, शनिवार
प्रदीप सरांची मेल! ‘तिकोना’ला वर्षभराचं फंडिंग मंजूर!!
सकाळी ११.२०: मेल पूर्ण वाचली. अपेक्षाच्या ‘तिकोना’ला. मला माहितीसाठी.
म्हणजे भाषा दर्जेदार आहे हे सिद्ध झालं. माझंच यश.

१ डिसेंबर, सोमवार. पहाटे ५.१५
फर्स्ट शिफ्ट. कारखान्याला माझी गरज आहे. सारिकाने युनिफॉर्म पुढे केला, कडक इस्त्रीचा. विचारलं, कधी केलीस इस्त्री? म्हणाली, तुम्ही रजा टाकलीत, त्याच दिवशी.