हातोडीत अडकवलेली सुपारी

तात्या,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमची विजेची पेटी मी काल पहिल्यांदा खाली काढली. आई म्हणाली, "अरे, माळ्यावर कुजतेय ती, पोरांना तरी दाखव." मी झाकण उघडलं आणि लगेच मिटलं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं हो.

कल्याणच्या तारऑफिसातून सुटून आलात की ओटीवर बसून तुम्ही ती करायचात. तारेवर गुंडाळायला रेशीम हवं म्हणून आईचा जुना मुकटा मागितलात, सोवळ्यात नेसायचा! केवढी तणतणली ती. "देवाधर्माचं वस्त्र तारेला नेसवणार?" आणि तुम्ही हसताय, "तारेलाही सोवळं लागतं गं. एक वेढा दुसऱ्याला शिवला की सगळं बाटलं." मग मला समोर बसवून सांगितलंत. मधे लोखंडी तारांची जुडी, तिच्यावर जाड तारेचे थोडे वेढे, वर केसासारख्या बारीक तारेचे हजारो. दोन्ही तारा एकमेकींना कुठेच शिवत नाहीत, तरी खालच्या तारेतली वीज वरचीला जाणवते आणि तिथे तिचा जोर कितीतरी वाढतो. "जोर वाढला की धार बारीक होते, फुकट काही मिळत नाही," हेही म्हणालात. मी ठाण्याला तारबाबू म्हणून नुकता चिकटलो होतो, स्वतःला मोठा शहाणा समजत होतो. बॅटरी थेट जाड तारेला जोडून नुसती धरून ठेवली आणि विचारलं, काहीच कसं होत नाही? "गाढवा! एकसारख्या वाहणाऱ्या विजेने पलीकडे काही पोचत नाही. ती सुरू होताना पोचतं, तुटताना पोचतं. त्यासाठी जुडीच्या टोकाशी ही इवलीशी हातोडी. ती थरथरत जोडत-तोडत राहिली पाहिजे." शेजारच्या ओटीवरची माणसं हसली. मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही.

मग अर्धांगाचा झटका आला. तुमची वाचा गेली आणि उजवा हात गेला, ज्याने तुम्ही जन्मभर तारा ठोकल्यात तोच. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, विजेच्या धक्क्यांनी हात कदाचित परत येईल, रोज सकाळी पाव तास देऊन बघा. पेटी घरचीच, मी रजा काढली. पहिल्या दिवशी तुमच्या तळव्यावर आणि खांद्यावर ओली फडकी ठेवून तारा लावल्या. हातोडी करकरली आणि तो निपचित हात अंथरुणावरून उडाला. तुमचा चेहरा पिळवटला. आई कानांवर हात ठेवून देवघराकडे पळाली, "पुरे रे, बंद कर ते!"

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या पानाच्या डब्यातलं सुपारीचं खांड घेतलं आणि हातोडी हलू नये असं मधे सारलं. करकर थांबली. आईला म्हटलं, आता आवाजाशिवाय चालते. ती म्हणाली, देव पावला. नऊ दिवस मी रोज पाव तास तुमच्या उशाशी बसलो. तार जोडताना एक धक्का, सोडताना एक, मधे काही म्हणजे काही नाही. "तात्या, जाणवतंय का?" मी विचारायचो. तुम्ही माझ्याकडे बघत सावकाश मान हलवायचात. दहाव्या दिवशी तुम्ही गेलात.

आई अजून आल्यागेल्याला सांगते, "पोराने बापासाठी जिवाचं रान केलं हो, पण नशिबातच नव्हतं." मी खाली मान घालून ऐकतो. काय करू? तिच्यासाठी केलं, तिला आवाज सोसवत नव्हता, असं मी इतकी वर्षं स्वतःला बजावत आलो. खोटं आहे ते, तात्या. तुमचा हात उडालेला मला पाहवला नाही. हातोडी अडवली की पलीकडे काही पोचत नाही, हे मला सुपारी सारतानाही पक्कं ठाऊक होतं. गाढव म्हणून तुम्हीच शिकवलं होतंत. आणि हातोडी गप्प आहे हे तुमच्या कानांना कळलं नसेल? तरी मान हलवलीत. का हलवलीत हो?

हात परत आला असता की नाही, कोण सांगणार आता. हे पत्र पेटीतच ठेवतोय. सुपारी अजून तिथेच आहे, काढायला हात धजत नाही. पोरं मघाशी मागे लागली होती, चालवून दाखवा म्हणून. मी सांगितलं, बिघडली आहे.